शून्य धरलेली जागा

वर्षातून एकदा संस्थेला आपल्या पोरांची आठवण व्हायची. एरवी कोण कुठल्या खोलीत काय करतंय याची कुणाला फिकीर नसे. त्या दिवशी मात्र मोठ्या सभागृहातल्या खुर्च्या पुसल्या जायच्या, पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी ऐसपैस बसायची, आणि नवशिक्या संशोधकांना एकामागून एक मंचावर उभं करून सांगितलं जायचं, बोला, दहा मिनिटं. अवकाश, पृथ्वी आणि काळ या विषयांवर तरुणांचं चर्चासत्र, असं दाराबाहेरच्या कापडी फलकावर लिहिलेलं असे. फलक दर वर्षी तोच. तारखेवर तेवढा नवा कागद चिकटवत.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत या तिन्ही विषयांचा एकेक नमुना बसत असे. अवकाशवाल्याला सगळे धूमकेतू म्हणत, कारण तो धूमकेतूंवर काम करायचा आणि स्वतःही उगवला तर उगवायचा. काळवाला तो घड्याळजी. अणूंवर चालणारी घड्याळं सांभाळणं हे त्याचं काम. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा फरक पडला तर त्याला जेवण जात नसे, आणि तो स्वतः वेळेवर आलेला कुणी कधी पाहिला नव्हता. पृथ्वीवाली होती ती मोजणीबाई. उपग्रहाच्या मदतीने जमीन मोजायची, म्हणून मोजणीबाई. वय एकोणतीस, आवाज बारीक, आणि कामात इतकी चोख की बाकीच्या दोघांना तिचा थोडा धाकच वाटायचा.

चार वर्षं तिघं एकाच खोलीत बसत होते. कुणाला चहात किती साखर लागते, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, सगळं पाठ होतं. पण शेजारचा नेमकं काय शोधतोय असं विचारलं असतं तर तिघांचीही बोबडी वळली असती. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ज्याला त्याला आपल्या डोक्यावरचं ओझं पुरेसं होतं.

मोजणीबाईचं काम समजायला सोपं होतं. उपग्रह दर बारा दिवसांनी डोक्यावरून जातो, खाली लहरी सोडतो आणि जमिनीवर आपटून परत आलेल्या लहरी पकडतो. दोन फेऱ्यांतल्या लहरी एकमेकींशी ताडून पाहिल्या की जमीन किती मिलीमीटर वर आली किंवा खाली गेली ते कळतं. अट एकच. सगळ्या चित्रातला कुठला तरी एक ठिपका हलत नाही असं आधी धरून चालावं लागतं. त्याला शून्य म्हणायचं आणि बाकीच्या सगळ्या जमिनीचं वर-खाली त्याच्या तुलनेत काढायचं.

तिने शून्य धरला तो तिच्या गावच्या पंपघराचा ओटा. काँक्रीटचा जाडजूड चौथरा, उपग्रहाला आरशासारखा लख्ख दिसायचा. शिवाय तिचे बाबा तिथे एकतीस वर्षं पंपचालक होते. आवारातल्या क्वार्टरमध्ये ती लहानाची मोठी झाली होती, त्या ओट्यावर पालथी पडून तिने पाढे पाठ केले होते. जगात न हलणारी एक जागा दाखव म्हटलं असतं तर तिने डोळे मिटून तीच दाखवली असती. तिचा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाने विचारलंही होतं, हा बिंदू स्थिर आहे कशावरून? तिने एका ओळीत उत्तर दिलं होतं की पाया खोल आहे आणि जागा लेखिकेच्या चांगल्या माहितीतली आहे. परीक्षकाचं समाधान झालं. विचारणाऱ्यांचं समाधान किती स्वस्तात होतं, बघा.

निघालं काय, तर शेतांच्या पलीकडची टेकडी दर वर्षी अकरा मिलीमीटर वर येतेय. मधल्या शेतांतून लहरी धड परत येत नाहीत, त्यामुळे तिथलं काही कळत नव्हतं. टेकडी आतून फुगतेय, एक दिवस उतार सुटून खाली येणार, असा अर्थ तिच्या मार्गदर्शक सरांनी लावला आणि तिला तो पटला. निबंध छापून आला. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. आईने तो कापून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला, बाहेरून लावायची तिला लाज वाटली.

त्या टेकडीवर दोनशे सत्तर घरं होती. नगररचनेच्या साहेबांनी नकाशा मागवला, टेकडीचा लाल रंग पाहिला, आणि मग बोट पंपघराशेजारच्या हिरव्या पट्ट्यावर ठेवून विचारलं, "इथे सगळ्यात कमी हालचाल आहे ना?"

"शून्य," मोजणीबाई म्हणाली होती.

तिथे चार मजली सहा इमारती उभ्या राहिल्या. टेकडीवरची माणसं मात्र उतरायला तयार होईनात. त्यांची सभा भरली तेव्हा समजावायला तिलाच पाठवलं गेलं. टेकडीवर शब्द चालायचा तो इस्त्रीवाल्या मावशींचा. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ए मुली, आमचं घर पडणार हे तुला आभाळातून दिसलं. बरं. खालचं नाही पडणार हे कशावरून?"

"मावशी, माझे आईबाबा तिथेच राहतात. मी काय त्यांना फसवीन?"

 मावशी पदर खोचून बाकीच्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चला रे. आईबापाची शपथ घेतली पोरीने." तिने शपथ घेतली नव्हती, पण ती काही बोलली नाही. एकशे साठ कुटुंबं खाली आली. कुणी परत जाऊ नये म्हणून त्यांची घरं त्याच आठवड्यात जमीनदोस्त करण्यात आली. उरलेल्या एकशे दहांचं काय करायचं हे ठरायचं होतं, म्हणून यंदाच्या चर्चासत्राला नगररचनेचे साहेब दुसऱ्या रांगेत येऊन बसले होते.

घड्याळजीचा नंबर तिसरा होता आणि तिचा चौथा. ती कडेच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात आपलं भाषण घोकत होती. घड्याळजी मंचावर चांगलाच रंगला होता.

"लांबलांबची घड्याळं जुळवायची तर आम्हाला छपरांवर अँटेना लागतात," तो सांगत होता. "अँटेना हलली की वेळ चुकली. म्हणून तिची जागा आम्ही रोज पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतो. आमच्या सहा अँटेना शहाण्यासारख्या गप्प बसल्यात. सात नंबर तेवढी वात्रट निघाली. तीन वर्षं झाली, दर वर्षी अकरा मिलीमीटर खाली चाललीय."

पडद्यावर एक रेघ होती. डावीकडून उजवीकडे, सरळ, उतरती.

"आमच्या दृष्टीने हा कचरा," घड्याळजी म्हणाला. "आम्ही तो वजा करून फेकून देतो. आणि मग बघा, वेळ कशी गुण्यागोविंदाने जुळते!" पहिल्या रांगेतले दोघे हसले, एक जण जागा झाला.

मोजणीबाईचं घोकणं थांबलं. सात नंबर. तीन वर्षांपूर्वी घड्याळजी छपरं शोधत वणवण फिरत होता तेव्हा तिनेच त्याला सांगितलं होतं, आमच्या पंपघराचं छप्पर घे, ती जागा कधी हलायची नाही. अँटेना चढवताना बाबांनी स्वतः शिडी धरली होती.

तिची टेकडी अकरा वर. त्याचं छप्पर अकरा खाली. आणि त्याने कुठल्या ठिपक्याला शून्य धरलं नव्हतं, तो थेट पृथ्वीच्या पोटातून मोजत होता. म्हणजे टेकडी जागच्या जागी होती. तिचं घर खाली चाललं होतं. होडीत बसलेल्या माणसाला काठ सरकताना दिसावा तशी तिला टेकडी चढताना दिसली होती, आणि तिने पक्क्या खडकावरची माणसं उठवून खचत्या जमिनीवर आणून ठेवली होती.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

खरं सांगायला दहा मिनिटं लागत नाहीत. पण तिची पाचावर धारण बसली होती. ती मंचावर गेली आणि तोंडाने पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. टेकडी लाल, पंपघर हिरवं, दर वर्षी अकरा. शेवटी साहेबांनी बसल्या जागेवरून विचारलं, "म्हणजे उरलेल्यांनाही हलवायला हरकत नाही?"

"आकडे मी... पुन्हा एकदा तपासते," ती म्हणाली.

"तुम्ही तपासा हो निवांत. आमचं काम आम्हाला करू द्या," साहेब म्हणाले, आणि सभागृहात हशा पिकला. ती खाली उतरली. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

जिन्यात तिने घड्याळजीला गाठलं. "सात नंबर खाली जातेय हे मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

तिने सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"तुझाही आकडा अकराच होता?"

"पेपरात आला होता. फोटोसकट."

"मी फोटो बघितला," तो म्हणाला. "खालचं नाही वाचलं." आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले, चष्मा काढला, डोळे चोळले. ते म्हणाले, "शून्य टेकडीवर धर आणि सगळं पुन्हा कर. पंधरा दिवस घे. मग मी स्वतः तुझ्याबरोबर साहेबांकडे येतो. अर्धवट घेऊन गेलो तर आपल्याला हाकलून देतील, आणि मग ऐकणारं कुणी उरणार नाही." बोलणं शहाणपणाचं होतं. शहाण्या माणसांच्या बोलण्यात एवढीच खोट असते, त्यात पंधरा दिवस कुठून तरी येतातच.

तिने नऊ दिवसांत केलं. घड्याळजी शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि ती म्हणेल तो आकडा काढून द्यायचा. धूमकेतूसुद्धा त्या आठवड्यात रोज उगवला आणि न सांगता चहा करून देत राहिला. टेकडी जागेवरच होती, तिळभरही हलली नव्हती. पंपघराभोवतीची जमीन मात्र वाटीसारखी खचत होती. सगळी सारखी खचली तर इमारत बिचारी तशीच्या तशी खाली जाते, फार बिघडत नाही. पण नव्या इमारतींवरून परत येणाऱ्या लहरींवरून तिने वाटीची कडही काढली. कड तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीच्या पोटाखालून जात होती. दोन्हींचा एक कोपरा खडकावर, एक खचत्या मातीवर.

दहाव्या दिवशी सर आणि ती साहेबांसमोर बसले. साहेबांनी ऐकून घेतलं, जुना अहवाल उघडला आणि तिच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही तुमचीच ना?"

"हो. चूक झाली माझी."

"तेव्हा तुम्ही खात्रीने सांगत होतात. आजही खात्रीने सांगताय. आजचं चूक नाही कशावरून?"

या प्रश्नात वावगं काहीच नव्हतं, आणि त्याचंच तिला रडू आलं. समिती नेमतो, तीन महिन्यांत कळवतो, असं साहेब म्हणाले. उरलेली एकशे दहा कुटुंबं सोमवारीच खाली आली होती, आणि त्यांचीही घरं पाडून झाली होती.

ती तिथून थेट गावी गेली. बाबा पंपघरात होते, कानाला फडकं गुंडाळलेलं, हातात तेलाची झारी. एकतीस वर्षांत गावाचं पाणी एक दिवस चुकलं नाही, हा त्यांचा अभिमान. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ती ओट्यावर बसली आणि त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर मोटरीवर होती.

"म्हणजे पाइप वर येत नव्हता तर," ते म्हणाले.

"कुठला पाइप?"

त्यांनी मोटरीच्या पायाखाली बोट दाखवलं. बोअरचा लोखंडी पाइप जमिनीत शंभर मीटर खोल, खडकात टेकलेला. मोटर ओट्यावर. दोघांची तोंडं जुळली तरच पाणी चढतं. "दर वर्षी पाइप थोडा वर येतो. मग मोटर उचलायची, खाली एक पत्रा घालायचा, पुन्हा जुळवायचं. वीस वर्षं करतोय." मोटरीच्या पायाखाली पत्र्यांची चळत होती, वीतभर उंच. खालचे गंजून काळे पडले होते, वरचा नवाकोरा होता.

तिने वरच्या पत्र्यावर बोट ठेवलं. "पत्रा किती जाडीचा, बाबा?"

"अकरा. दहाचा सैल बसतो, बाराचा बसत नाही. लेथवाल्याकडून मुद्दाम अकराचे करून घेतो."

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"मला वाटलं पाइपच वर येतोय. ओटा कसा खचेल? आणि मग तर तूच शून्य म्हणालीस." त्यांनी मोटरीला तेलाचे दोन थेंब दिले. "पेपरात आलं होतं ना."

पाणी उपसल्यामुळे जमीन खचते हे तिला त्यांना सांगावं लागलं नाही. बाबांनी झारी खाली ठेवली. "म्हणजे मीच," एवढंच म्हणाले. ती नाही म्हणाली नाही. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इमारतींच्या मधल्या पटांगणात उभी राहिली. तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीतली बरीच माणसं खाली आली होती. तिने हात जोडून सगळं सांगितलं. माझी चूक झाली, टेकडी पक्की होती, ही जमीन खचतेय, या दोन इमारती आधी रिकाम्या करा. सुरुवातीला कुणाला कळेचना. मग एक जण म्हणाला, "आता ही जागा कुणाच्या डोळ्यांत भरली?" दुसरा म्हणाला, "पुढच्या वर्षी म्हणेल, पुन्हा चुकलं, परत या." कुणीतरी हसलं, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं.

इस्त्रीवाल्या मावशी जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांचं घर चौथ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, त्यांना चौघांनी उचलून वर नेलं होतं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मुली, एकदा ऐकलं तुझं. आम्ही माणसं आहोत, तुझ्या नकाशावरचे ठिपके नाही. तुझं खरं असेलही. पण आता तुझ्या तोंडून काही ऐकायचं नाही मला." आणि जिना चढून गेल्या. हळूहळू पटांगण रिकामं झालं. ती एकटीच उभी राहिली.

बाबा आवाराच्या फाटकातून हे सगळं बघत होते. ते आत गेले. थोड्या वेळाने ती पंपघरात पोहोचली तेव्हा त्यांनी नव्या इमारतींकडे जाणारा मोठा व्हॉल्व्ह गच्च बंद केला होता, वरचं चाक काढलं होतं, आणि आता पाना लावून आतला दांडाही उपसून बाहेर काढत होते.

"बाबा, काय करताय?"

"तुझं ऐकत नाहीत ना? पाण्याचं ऐकतील." हातभर लांबीचा पितळी दांडा त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या बंद बोअरचं झाकण सरकवून आत सोडला. बराच वेळ आवाज आला नाही. "असला व्हॉल्व्ह आता कुणी बनवत नाही," ते म्हणाले. "दांडा करून आणायला तीन आठवडे तरी लागतील. तेवढ्यात काय व्हायचं ते होईल." एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी पाणी तोडलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या निलंबनाचा कागद आला. त्याच्या आधी माणसं आली. आई दारात उभी राहिली, म्हणून कुणी बाबांच्या अंगाला हात लावला नाही, पण जे ऐकायचं ते सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. टँकर आले, पण बादल्या घेऊन चार मजले चढून चढून तिसऱ्या दिवशी माणसं टेकीला आली. टेकडीवर अजून झरा होता. एकेक करत कुटुंबं वर गेली, आपापल्या पडक्या घरांच्या मातीवर ताडपत्र्या बांधून राहिली. आठवड्याभरात सहाही इमारती ओस पडल्या. मावशी सगळ्यांत शेवटी गेल्या. यजमानांना पुन्हा चौघांनी उचलून खाली आणलं.

मोजणीबाईला वाटलं, जिंकलो. सगळे शिव्या देत गेले, पण गेले. आता व्हायचं ते होऊ दे.

काहीच झालं नाही.

ती रोज सकाळी फाटकाशी जाऊन चौथ्या इमारतीकडे बघायची. इमारत उभी असायची, रंग अजून नवाच. उपग्रहाची फेरी झाली, घड्याळजीने फोन करून आकडा सांगितला. अर्धा मिलीमीटरही नाही. हिशेब बरोबर होता. अकरा मिलीमीटर वर्षाला लागतात, तीन आठवड्यांत काय दिसणार? इमारत उद्या तडकेल की बारा वर्षांनी, हे कुठलाच उपग्रह सांगत नव्हता. टेकडीवर थंडी वाढली. अठराव्या दिवशी मावशींचे यजमान ताडपत्रीखाली गेले. खोकला होताच, छातीत गारठा बसला, डॉक्टर वर पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ती टेकडीवर जायला निघाली तेव्हा आईने तिला दारातच अडवलं. "आज नको. आज त्यांना तुझं तोंड दिसायला नको." आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ती परत फाटकाशी गेली, चौथ्या इमारतीसमोर उभी राहिली, आणि तिच्या मनात आलं की आज पड. आत कुणी नाही, आज तरी पड. मग तिला कळलं की तीन आठवडे आपण रोज इथे येऊन हेच मागत होतो. इमारत पडावी आणि आपण खरं ठरावं. ज्या माणसाचा जीव या खरेपणापायी गेला तो तर इमारतीत मेलाच नव्हता. ती तिथेच खाली बसली आणि तोंड दाबून रडली.

दांडा एकविसाव्या दिवशी तयार होऊन आला. नव्या पंपचालकाने तो बसवला आणि व्हॉल्व्ह उघडला. इमारतींच्या नळांना पाणी आलं. समितीचा अहवाल यायला अजून सव्वादोन महिने होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं टेकडीवरून उतरू लागली, डोक्यावर गाठोडी, हातात भांडी. कुणाला काय म्हणणार? इमारत तर धडधडीत उभी होती.

बाबा क्वार्टरच्या पायरीवर बसून होते. घर रिकामं करायला त्यांनाही महिन्याची मुदत दिलेली होती. ती बाहेर पडली तसं त्यांनी विचारलं, "अडवायला चाललीस?"

"हो."

"कशाने?"

तरी ती गेली. येणाऱ्या प्रत्येकासमोर उभी राहून ती म्हणत होती, निदान तिसऱ्या आणि चौथ्यात राहू नका, दुसऱ्या इमारतींत दाटीवाटीने राहा, माझं एवढं ऐका. माणसं तिला वळसा घालून जात होती. आता कुणी शिव्यासुद्धा देत नव्हतं. एका बाईने लेकराला तिच्या बाजूने दुसऱ्या बाजूला घेतलं, एवढंच.

दुपारी मावशी आल्या. हातगाडीवरून त्यांनी लोखंडी खाट आणली होती. गाडीवाला खाट चौथ्या इमारतीच्या जिन्यापाशी उतरवून निघून गेला. एकटीला ती वर नेणं शक्य नव्हतं. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे आपापल्या सामानात होते. मग त्यांची नजर तिच्यावर पडली.

"मावशी, या जिन्याने वर नका जाऊ," ती म्हणाली. "तुम्हाला माझी शपथ आहे."

"मग कुठे जाऊ?"

आमच्या घरी चला म्हणायला तिच्या घराचेच थोडे दिवस उरले होते, आणि टेकडीवर जा म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"उन्हात उभं राहवत नाही मला," मावशी म्हणाल्या. त्यांनी वाकून खाटेचे डोक्याकडचे दोन पाय धरले आणि वाट पाहत राहिल्या.

मोजणीबाईने खाटेची दुसरी बाजू उचलली. दोघी जिना चढू लागल्या, मावशी पुढे, ती मागे. पहिल्या वळणावर खाट भिंतीत अडकली. मावशींनी ती तिरकी करून सोडवली, दम खाल्ला आणि मागे न बघता म्हणाल्या, "घट्ट धर गं. सगळा भार तुझ्याकडेच आहे."